पान 42-43

माझ्या कपाटावर एक काळी रेक्झिनची बॅग आहे. ए-2 मापाची, एका बाजूची चेन गेलेली. 2003 साली ती मी अप्पा बळवंत चौकातून घेतली आणि पीएमटीच्या बसमधून आडवी-तिडवी सांभाळत पहिल्यांदा नारायण पेठेत नेली. एका प्रकाशनगृहाला पुस्तकांची आणि दिवाळी अंकाची आतली मांडणी करणारं माणूस हवं होतं. मला कामाची गरज होती.

बॅगेत 22 कामं होती. प्रत्येक काम काळ्या माउंटबोर्डावर डकवलेलं, वर बटर पेपर. सगळी मुखपृष्ठं, नाहीतर लेखांची पहिली पानं. मोठं शीर्षक, मोठं चित्र, भोवती भरपूर मोकळी जागा. ती करताना मी जीव ओतला होता आणि आजही त्यातली चार-पाच मला आवडतात.

संपादक साठीच्या पुढचे होते. त्यांनी टेबलावरची प्रुफं बाजूला सारली, एकेक बोर्ड उचलला, पाहिला, पालथा ठेवला. 22 बोर्ड संपायला तीन मिनिटंही लागली नसतील. मग चष्मा काढून म्हणाले, "सुरेख आहे. पण ही दारातली रांगोळी झाली. आता घर दाखवा."

मला कळेना काय दाखवावं. बॅगेच्या पुढच्या कप्प्यात एक पुस्तक होतं. एका निवृत्त शिक्षकांचं आत्मकथन, डेमी आकार, 176 पानं, आत एकही चित्र नाही. दाखवायला म्हणून ते मी आणलंच नव्हतं. त्याच सकाळी प्रेसमधून माझी प्रत घेतली होती, इतकंच. ते मी पुढे केलं.

त्यांनी मुखपृष्ठ पाहिलं नाही. पुस्तक बरोबर दोन्ही हातांत धरलं, मधेच कुठेतरी उघडलं आणि आधी स्वतःच्या अंगठ्यांकडे पाहिलं. "अंगठा मजकुरावर येत नाहीये," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. मग वाचायला लागले. खरोखर वाचायला लागले, ओठ किंचित हलत होते. मी समोर बसून पंख्याचा आवाज ऐकत होते. मग त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिच्या टोकानं डाव्या पानावरच्या ओळी मोजल्या. मग उजव्या पानावरच्या. मग एक पान मागे जाऊन तिथल्या.

"बाकी सगळीकडे 28 ओळी. इथे 42 आणि 43, दोन्ही पानांवर 29. का?"

कारण होतं. लेखकानं तिथे आपल्या आईची जात्यावरची ओवी दिली होती, चार ओळींची. 28 ओळींच्या हिशेबानं पहिल्या दोन ओळी 43 च्या तळाशी राहत होत्या आणि उरलेल्या दोन पान उलटल्यावर 44 वर जात होत्या. ओवी मधेच तुटत होती. आई दळता दळता थांबल्यासारखं वाटत होतं मला ते. म्हणून समोरासमोरच्या दोन्ही पानांत एकेक ओळ वाढवली. दोन ओळी मागे आल्या, ओवी एका पानावर अखंड राहिली आणि दोन्ही पानं तळाशी सारखी दिसत असल्यानं कुणाच्या डोळ्याला काही खुपलं नाही.

मी हे सगळं एका दमात सांगितलं. ते ऐकून घेतल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, "लेखकाला सांगितलंत हे?"

"नाही. त्यांना कळलंही नसेल."

"कळायला नकोच," ते म्हणाले. "पण मला सांगायला हवं होतंत. येताना हेच घेऊन यायला हवं होतं."

काम मिळालं. पण त्या दुपारी जे मिळालं ते कामापेक्षा मोठं होतं. तेव्हापासून मी कुणापुढेही काम मांडायला गेले की सुरुवात आतल्या पानापासून करते, आणि गेली काही वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून नव्या मुलामुलींची कामं पाहताना शोधतेही तेच.

आमच्या कामाची अडचण अशी आहे की ते जितकं चांगलं होईल तितकं दिसेनासं होतं. मुखपृष्ठ पाहिलं जातं. आतलं पान वाचलं जातं, आणि वाचणाऱ्याला मधे पान आहे हे जाणवलं तर कुठेतरी आमचं चुकलेलं असतं. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तिथून आजवर मराठीत किती अंक निघाले असतील. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर ही मुखपृष्ठांच्या चित्रकारांची नावं अजून घराघरांत निघतात आणि निघायलाच हवीत. पण त्याच अंकांत कथेची शेवटची एकटी ओळ पुढच्या पानाच्या डोक्यावर जाऊ नये म्हणून रात्री दोन वाजता खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, सैल करून पुन्हा बांधणाऱ्या जुळाऱ्याचं नाव? जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातली जुनी पानं पाहताना माझा हात आपोआप थांबतो. अक्षरं कोरणाऱ्यांची नावं शोधली तर सापडतात. पानं बांधणारे मात्र गेलेच.

मग जे दिसत नाही ते दाखवायचं कसं?

मला सापडलेला एक उपाय म्हणजे कच्चा माल जपून ठेवणं. लेख माझ्याकडे कसा आला होता, ते. पाठपोट लिहिलेले फुलस्केप, समासात बाण काढून घुसवलेले परिच्छेद, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले आणि वाटेत बारीक होऊन गेलेले फोटो, "हा तक्ता कुठेतरी घाला" अशी चिठ्ठी. लेखकाची परवानगी घेऊन यातलं एखादं पान मी पूर्ण झालेल्या पानाशेजारी ठेवते. शेजारी ठेवलं की फार बोलावं लागत नाही. एका दुष्काळावरच्या लेखात 14 गावांच्या विहिरींचा तक्ता होता, हातानं आखलेला, आठ रकान्यांचा. त्यातले तीन रकाने वाचकाच्या कामाचे नव्हते. लेखिकेशी बोलून ते काढले, गावांचा क्रम वर्णानुक्रमाऐवजी पाण्याच्या खोलीनुसार लावला आणि तक्ता लेख जिथे त्या गावांपाशी पोचतो त्याच पानावर आणला. तो आधीचा कागद आणि नंतरचं पान मी गेली दहा-बारा वर्षं दाखवते आहे. पाहणाऱ्याची नजर एकदा इकडे, एकदा तिकडे जाते आणि मग बहुतेक वेळा तो माणूस खुर्ची पुढे ओढतो.

देवनागरीत काम करणाऱ्यानं आणखी एक गोष्ट ठामपणे दाखवली पाहिजे, असं माझं मत आहे. इंग्रजी मासिकांवरून शिकलेली मांडणी आपल्या अक्षरांवर जशीच्या तशी बसत नाही. आपल्या ओळीला वर वेलांटी-मात्रा-रफार असतात आणि खाली उकार. ओळींमधलं अंतर इंग्रजीइतकं घट्ट ठेवलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत अडकतो. शीर्षक ऐटदार दिसावं म्हणून अक्षरं एकमेकांपासून लांब केली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अरुंद रकान्यात दोन्ही बाजू सरळ करायचा हट्ट धरला, तर 'सार्वजनिक आरोग्यविषयक' असे शब्द आले की मधे पांढरी भगदाडं पडतात. अशा ठिकाणी मी उजवी बाजू मोकळी सोडते आणि तसं का केलं ते सांगते. लेखाचं पहिलं अक्षर मोठं करायचं असेल तर 'स्त्री' किंवा 'क्षि' आल्यावर नुसतं अक्षर मोठं करून भागत नाही. तिथे आख्खी जागा नव्यानं बेतावी लागते.

आणि 'ल' आणि 'श'. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा असं महाराष्ट्र शासनाच्या 2009 च्या निर्णयातही आहे, पण अनेक फॉन्टांत हिंदी वळणाचेच सहज येतात आणि मराठी रूपं वेगळी निवडावी लागतात. 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' यांतला अर्धा 'ऱ'ही असाच. तो चुकला की मराठी वाचणारा अडखळतो, कशाला अडखळलो हे त्याला सांगता येत नसलं तरी. माझ्यासमोर येणाऱ्या कामांत मी हे आधी पाहते. पान मराठीसाठी रचलंय की मराठी मजकूर कुठल्यातरी तयार साच्यात ओतलाय, हे त्या दोन-तीन अक्षरांत कळून येतं.

याला जोडूनच सांगते. नमुन्याच्या पानांत खोटा मजकूर भरू नये. एकच परिच्छेद चार वेळा चिकटवून रकाना भरलेला असतो, किंवा अर्थ नसलेली अक्षरं असतात. नुसतं पाहणाऱ्याला चालेल कदाचित. पण आपण ज्यांच्याकडे जातो ती माणसं वाचणारी असतात. संपादक पान हातात आल्यावर वाचतोच, तो त्याचा स्वभाव असतो. तिसऱ्यांदा तोच परिच्छेद आला की तो पान खाली ठेवतो. प्रत्यक्ष छापलेलं काम नसेल तर जुन्या, हक्कमुक्त मजकुरातला एखादा खरा लेख घ्यावा, तो पूर्ण वाचावा आणि मग त्याला पान द्यावं. ज्याचं शिक्षण नुकतंच संपलंय त्याच्याकडून मी छापील कामाची अपेक्षा करत नाही. मजकूर वाचलेला असावा ही अपेक्षा मात्र करते.

एकदा मी स्वतः फार वाईट अडकले. मुंबईतल्या एका मोठ्या कार्यालयात नोकरीची मुलाखत होती. बॅग घरी ठेवून मी पहिल्यांदाच फाइल घेऊन गेले, सीडीवर. समोर पाच जण. त्यांच्या संगणकावर फाइल उघडली आणि पडद्यावर शीर्षकाच्या जागी रोमन अक्षरं, स्वल्पविराम, कंस, प्रश्नचिन्हं यांचा खच पडला. तेव्हा आम्ही जुन्या पद्धतीच्या देवनागरी फॉन्टांत काम करायचो. अक्षर दिसायचं 'क', पण संगणकाच्या लेखी ते कुठलं तरी रोमन चिन्हच असायचं. तो फॉन्ट त्या संगणकावर नसला की सगळा मुखवटा गळून पडायचा. र. कृ. जोशींनी घडवलेला युनिकोडचा मंगल फॉन्ट विंडोज 2000 बरोबर आला होता, पण पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नव्हतं आणि आमचं सगळं काम पेजमेकरमध्ये. त्या पाच जणांतले चौघे माझ्याकडे सहानुभूतीनं पाहत होते, ते मला जास्त लागलं. तोंडी सांगण्याचा प्रयत्न केला. पण न दिसणाऱ्या पानाबद्दल काय सांगणार? नोकरी मिळाली नाही.

त्यानंतर फॉन्ट आत बसवलेल्या पीडीएफशिवाय मी कुठे काही पाठवलं नाही, आणि ती पीडीएफ आधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून पाहते. आता पानं लावायचं इनडिझाइन हे सॉफ्टवेअर देवनागरी सांभाळतं, पण त्यातला वर्ल्ड-रेडी कंपोझर हा पर्याय निवडायचा राहिला तर अजूनही जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते. आणखी एक छोटी गोष्ट. पीडीएफमध्ये पानं जोडीनं दाखवताना मुखपृष्ठ एकटं राहील असं पाहावं, नाहीतर सगळ्या जोड्या एका पानानं सरकतात आणि 43 डावीकडे येतं. विषम आकड्याचं पान उजवीकडे असतं हे छापखान्यात झाडू मारणाऱ्या पोरालाही माहीत असतं. ती चूक एखाद्या जुन्या संपादकाच्या नजरेला पडली तर पुढची वीस पानं तो त्याच नजरेनं पाहील.

तरी छापलेली प्रत हातात असावीच. पडद्यावर कागद कळत नाही. 70 जीएसएम वजनाचा किंचित पिवळसर नॅचरल शेड कागद आणि पांढराशुभ्र मॅपलिथो कागद यांवर तेच अक्षर वेगळं वागतं, मागच्या पानाची छाया पुढे येते का ते कळत नाही, आणि पुस्तक शिवणीपाशी किती उघडतं, आतल्या समासातला मजकूर घडीत गुदमरतो का, हे तर प्रत उघडल्याशिवाय मुळीच नाही.

समोर कोण आहे त्यावर मी सांगायची गोष्ट बदलते, कामं तीच ठेवते. प्रकाशक असेल तर त्याच्या डोक्यात फर्मे असतात. एकत्र छापून घडी घातलेल्या 16 पानांचा एक फर्मा, आणि 180 पानांचं पुस्तक 176 मध्ये, म्हणजे बरोबर 11 फर्म्यांत बसलं तर त्याचा किती खर्च वाचतो हे त्याला माझ्याआधी कळतं. त्याच्यापुढे मी ते पुस्तक ठेवते ज्यात अक्षर बारीक न करता चार पानं कमी केली होती, आणि ती कुठून कमी झाली ते दाखवते: प्रकरणांच्या सुरुवातीला वाया जाणारी जागा, दोन ठिकाणची दुहेरी शीर्षकं. नोकरी देणाऱ्याला मात्र माणूस हवा असतो. घाईच्या वेळी हा कसा वागतो, दुसऱ्याचं ऐकतो का, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. त्याच्यासाठी माझ्याकडे एका दिवाळी अंकाची डमी आहे. 208 पानांचे 13 फर्मे, हातानं घडी घातलेले छोटे कागद, प्रत्येकावर पेन्सिलीनं लेखाचं नाव आणि ते खोडून लिहिलेलं दुसरं नाव. शेवटच्या संध्याकाळी एक जाहिरात आली होती, "उजवंच पान पाहिजे" या अटीसह, आणि तिच्यासाठी नऊ लेखांच्या जागा हलल्या. खोडाखोडीचे थर त्या डमीवर स्पष्ट दिसतात. ती पाहून माणसं जे प्रश्न विचारतात ते मुखपृष्ठ पाहून कधीच विचारत नाहीत.

एक चूक मात्र माझ्याकडून अशी झाली की ती आठवली की अजून मान खाली जाते. एका अंकातली जोडपानं मी बरीच वर्षं दाखवत होते. मांडणी माझी होती, पण त्या पानांचा प्राण म्हणजे त्यातली रेखाचित्रं, ती दुसऱ्याची. बोलताना त्याचं नाव घ्यायचं मला कधी सुचलंच नाही. एका बैठकीत समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ही चित्रं कुणाची ते मला माहीत आहे. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मी तिथेच नाव सांगितलं, घरी येऊन त्या चित्रकाराला फोन करून माफीही मागितली. तो हसला, जाऊ दे म्हणाला. पण मला ते जाऊ देता आलं नाही. आतल्या पानांच्या कारागिरांची नावं राहत नाहीत म्हणून मी हळहळते, आणि मीच एक नाव गिळून टाकलं होतं. तेव्हापासून प्रत्येक कामाखाली चित्रं कुणाची, छायाचित्रं कुणाची, सुलेखन कुणाचं, मुद्रितशोधन कुणाचं हे लिहिलेलं असतं, आणि मग माझं: मांडणी. मुद्रितशोधकाचं नाव पाहून दोन वेळा मला प्रश्न आला, "हे कशाला?" तर त्यांनी पान 112 वरची एक ओळ पकडली नसती तर ते पान आज मी दाखवलंच नसतं, म्हणून.

आता मी 12 च्या वर कामं नेत नाही. सहा पुरतात खरं तर. पान समोर ठेवल्यावर बोलतही नाही. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. शांतता झाली की भीती वाटते, ती भरून काढावीशी वाटते. पण समोरचा वाचत असतो आणि आपण बोललो की त्याचं वाचन मोडतं. त्याला विचारू द्यावं.

गेल्या शुक्रवारी एक मुलगी आली होती. सोलापूरची, नुकतंच उपयोजित कलेचं शिक्षण संपवलेली. एक टॅब आणि एक पातळशी फाइल. टॅब तिनं उघडला, बरंच काही होतं त्यात: पोस्टर, लोगो, दोन ब्रँडची सगळी स्टेशनरी. मी पाहत होते. मग तिनं जरा अडखळत ती फाइल काढली. "मॅडम, हे कॉलेजचं नाहीये. माझ्या आजोबांची वही आहे. ते गिरणीत होते, त्यांनी लिहून ठेवलंय. मी आपलं बसवून पाहिलं."

फाइलमध्ये आजोबांच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स होती, निळ्या शाईतली, रेघांच्या बाहेर जाणारी अक्षरं, आणि तिच्या शेजारी दोन छापील पानं. 16 आणि 17. समोरासमोर, सतरा उजवीकडे. ल पाकळीचा होता. आजोबांनी जिथे जिथे गिरणीच्या भोंग्याची वेळ लिहिली होती तिथे तिनं ती ओळीतून काढून समासात ठेवली होती, लहान अक्षरांत, त्याच ओळीच्या उंचीवर. सात. साडेतीन. मी ओळी मोजायला पेन्सिल उचलली होती, पण मोजायचं राहून गेलं. संपाच्या आदल्या रात्रीचं वर्णन होतं. चाळीतल्या बायका पाणी भरून ठेवत होत्या, कुणीतरी पिठाचा डबा शेजारी नेऊन देत होतं, आणि आजोबा दारात बसून ऐकत होते की आज भोंगा होतो की नाही. ओळ पानाच्या तळाशी आली आणि मी पान उलटलं.

मागे कोरं होतं.

"पुढचं?" मी विचारलं.

"एवढंच केलंय मॅडम. नमुन्यापुरतं."

"वही किती पानांची आहे?"

"दीडशे असतील."

मी तिला चहा घेणार का विचारलं आणि सोमवारी वही घेऊन यायला सांगितलं.